कारण न कळता अवघडणारा तरुण कुत्रा: कोणती तपासणी किती कामाची

वय चार महिने ते दोन वर्षं. कुठे पडलेला नाही, काही लागलेलं नाही, तरी झोपून उठताना अवघडतो, पायऱ्या टाळतो, उचलायला गेलं की कळवळतो. अशा कुत्र्याला दवाखान्यात नेलं की एकेक सेवा पुढे येत जाते: साधी तपासणी, रक्त, एक्स-रे, सांध्यातलं पाणी, एमआरआय, फिजिओथेरपी, हाडांच्या गोळ्या. यातलं काय आधी करावं, काय नंतर, आणि कशावर पैसे घालूच नयेत, याचा हा आढावा. आमचं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यांत मोलाची सेवा म्हणजे हाताने केलेली पूर्ण तपासणी, आणि सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे निदानाआधी टोचलेलं स्टेरॉइड.

हाताची तपासणी नीट झाली की नाही हे शेजारी उभं राहूनही कळतं. चांगले डॉक्टर कुत्र्याला टेबलावर घेण्याआधी जमिनीवर चालवून बघतात. पट्टा सैल, फरशी न घसरणारी, आधी सावकाश चाल आणि मग दुडकी, समोरून, मागून आणि बाजूने. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा पळत असेल तर लक्ष खुब्यांकडे, गुडघ्यांकडे आणि कंबरेकडे जातं. चारही पाय आखडून, जपून जपून टाकत असेल तर एकाच सांध्याचा विचार करून भागत नाही.

मग हात लागतो. दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन हातांत धरल्या की कुठला स्नायू सुकलाय हे समजतं. बोटांमधली जागा, नखं, तळव्याच्या गाद्या बघितल्या जातात, कारण रुतलेलं कुसळ किंवा फाटलेलं नखही कुत्र्याला तितकंच लंगडवतं. त्यानंतर लांब हाडं. इथे स्नायू बाजूला सारून थेट हाडावर दाब द्यावा लागतो, नाहीतर कुत्रा स्नायू दाबल्याने हलला की हाड दुखल्याने, हे कळतच नाही. मग प्रत्येक सांधा वाकवून, ताणून, फिरवून. दुखरा पाय सगळ्यांत शेवटी, म्हणजे कुत्रा सुरुवातीलाच बिथरत नाही आणि दुखणं नसलेल्या जागी तो कसा वागतो हे आधी कळलेलं असतं.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. मागचा पाय मागे ताणला आणि कुत्रा ओरडला की लगेच ‘खुबा’ असं लिहिलं जातं. पण पाय मागे ताणताना कंबरेचा शेवटचा सांधाही वाकतो आणि पोटाच्या आतून मांडीकडे जाणारा सोअस स्नायूही ताणला जातो. दुखणं तिघांपैकी कुणाचंही असू शकतं. म्हणून जाणकार डॉक्टर पाय मागे न ताणता फक्त बाहेरच्या बाजूला उघडून बघतात, मग कंबर वरून वेगळी दाबतात, आणि गरज पडली तर गुदद्वारातून बोट घालून आतून कंबरेचा सांधा आणि सोअस चाचपतात. हे तीन वेगळे केले नसतील तर पुढचा एक्स-रे चुकीच्या जागेचा निघण्याची शक्यता बरीच.

शेवटी मज्जासंस्था. पंजा उलटा करून ठेवला तर निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. तो उलटाच राहिला तर प्रश्न पायाचा नसून मणक्याचा किंवा मेंदूचा असू शकतो. मान वळवायला खाऊ वापरावा: तो वर, खाली, डावीकडे, उजवीकडे नेऊन कुत्रा स्वतः मान कितपत फिरवतो ते बघावं. चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पोमेरेनियनसारख्या छोट्या जातींत तर हाताने मान खाली दाबूच नये. त्यांच्यात पहिल्या दोन मणक्यांचा जोड जन्मतः सैल असू शकतो आणि दाबल्याने मज्जारज्जूला इजा होते. जबडा उघडून बघणं आणि पोट चाचपणंही यातच आलं. पाठ कमानीसारखी करून उभा राहणारा कुत्रा पुष्कळदा पाठीचा नाही, पोटाचा रुग्ण असतो.

या सगळ्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. एवढा वेळ देणाऱ्या तपासणीला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ. नेहमीच्या डॉक्टरांकडे गर्दी असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या, किंवा हाडं-सांधे आणि मज्जासंस्था बघणाऱ्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. अशी चिठ्ठी मागण्यात कुणाचा अपमान नाही.

‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ हे वाक्य या वयाच्या कुत्र्यांबाबत फार सहज बोललं जातं. त्या नावाखाली खरोखर बसणारा आजार एकच, पॅनोस्टायटिस. साधारण पाच ते अठरा महिन्यांत, मोठ्या जातींत, त्यातही जर्मन शेफर्डमध्ये जास्त. दुखणं एका पायातून दुसऱ्यात सरकतं, हाडाच्या मधल्या भागावर दाबलं की कुत्रा पाय ओढून घेतो, आणि ते आपोआप थांबतं. पण हाडं दाबून न बघता हे नाव दिलं असेल तर ते निदान मानू नका. मनगटाच्या थोडं वर गरम सूज, ताप, खाणं बंद, आणि वय दोन ते आठ महिने असेल तर तो एचओडी, म्हणजे वाढत्या हाडांच्या टोकांजवळ येणारी सूज, असू शकतो, ग्रेट डेन आणि वायमरानरमध्ये विशेष. तो थांबून बघण्याचा आजार नाही. काही पिल्लांना सलाईन लावून दवाखान्यातच ठेवावं लागतं.

जाण्याआधी घरून केलेली तयारी फुकटची आणि फार कामाची. दवाखान्यात कुत्रा घाबरलेला असतो, अंगात जोर येतो आणि लंगडणं गायब होतं. म्हणून व्हिडिओ काढा: झोपून उठल्यावरची पहिली पावलं, पायरी चढणं, बाजूने आणि मागून चालणं, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद. फोन कुत्र्याच्या उंचीवर धरा आणि एखादा तुकडा स्लो मोशनमध्ये घ्या. घरी शांत असताना ताप मोजा. गुदद्वारात मोजलेलं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. दवाखान्यातल्या धावपळीत थोडं वाढतंच, त्यामुळे घरचा आकडा जास्त भरवशाचा. गोचीड कधी सापडली, लस कधी दिली, कुठलं औषध कुठल्या तारखेला दिलं, हे कागदावर लिहून न्या. गुंगी देण्याची शक्यता असेल तर उपाशी किती तास ठेवायचं ते फोनवर विचारा. लहान पिल्लांना मोठ्यांइतका वेळ उपाशी ठेवत नाहीत.

आता स्टेरॉइडबद्दल. कुत्रा कण्हतोय, घरचे हवालदिल आहेत, एक इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी तो उड्या मारतो. मोह समजण्यासारखा आहे. पण या वयात अवघडण्याची दोन मोठी कारणं, प्रतिकारशक्तीमुळे होणारी अनेक सांध्यांची सूज आणि स्टेरॉइडला दाद देणारा मेनिंजायटिस (मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणाची सूज), ही ज्या पेशींवरून ओळखतात त्या पेशी स्टेरॉइडने नमुन्यातून कमी होतात किंवा नाहीशा होतात. नंतर सुई घातली तरी उत्तर संदिग्ध येतं. दुसरीकडे मणक्यांमधल्या चकतीचा जंतुसंसर्ग असेल तर स्टेरॉइड त्या जंतूंना मोकळं रान देतं. आणि कुत्रा आधीच वेदनाशामक गोळीवर असेल तर दोन्ही मिळून पोटात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा: हे इंजेक्शन स्टेरॉइड आहे का, आणि नमुने घेण्याआधी ते देणं गरजेचं आहे का? उत्तर न देता सुई टोचली जात असेल तर त्या सेवेला आम्ही नापास करू.

वेदना मात्र सहन करायला लावू नये. कुत्र्यांसाठी बनवलेली बिगर-स्टेरॉइड वेदनाशामकं, कार्प्रोफेन किंवा मेलोक्सिकॅमसारखी, डॉक्टरांनी वजनावर मात्रा काढून दिली तर निदान फारसं बिघडत नाही. फक्त ती सुरू केल्यावर नंतर स्टेरॉइडवर जायचं ठरलं तर मध्ये काही दिवसांची मोकळीक ठेवावी लागते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या गोळीची तारीख लिहा. उलटी, काळी शी किंवा खाणं बंद दिसलं तर गोळी तिथेच थांबवून फोन करा. माणसांच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, पॅरासिटामॉल, घरच्या अंदाजाने कधीही नाही. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध लिहून दिलं असेल तर गोळी किंवा कॅप्सूलच घ्या. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. तपासणीच्या दिवशी गॅबापेंटिन द्यायचं की नाही हेही आधी विचारा, कारण गुंगीत पावलं अडखळतात आणि मज्जासंस्थेची तपासणी फसते.

रक्ततपासणी स्वस्त आणि उपयोगी, पण ती वाचता यायला हवी. वाढत्या पिल्लाचं अल्कलाइन फॉस्फेटेज आणि फॉस्फरस मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्तच असतं. हाडं वाढत असतात, यकृत बिघडलेलं नसतं. प्लेटलेट कमी आल्या तर काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी बघितलं का ते विचारा, कारण गुठळ्या झाल्या की यंत्र कमी मोजतं. आमच्या मते या टप्प्यावरची सगळ्यांत वसूल चाचणी म्हणजे सीआरपी, शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन. खुब्याची ठेवण बिघडलेली असेल किंवा गुडघ्याची वाटी सरकत असेल तर सीआरपी सहसा वाढत नाही. मेनिंजायटिस किंवा अनेक सांध्यांच्या सुजेत तो चांगलाच चढतो. वाढलेला सीआरपी कुठे दुखतंय ते सांगत नाही, पण सांगाड्याच्या एक्स-रेवरच अडकून पडू नका, हे नक्की सांगतो. जबडा उघडताना किंवा स्नायू दाबताना दुखत असेल तर सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, मोजायला सांगा. फक्त जबडाच उघडत नसेल तर चावण्याच्या स्नायूंविरुद्धची २एम अँटिबॉडी चाचणी वेगळी असते.

गोचिडांच्या आजारांची झटपट पट्टी जवळपास सगळीकडे मिळते. ती अर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि लाइमच्या अँटिबॉडी शोधते. पट्टी होकारार्थी आली म्हणजे शरीराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली. आजचं दुखणं त्याचंच, असं त्यातून सिद्ध होत नाही. प्लेटलेट, ताप, काचपट्टी आणि पीसीआर (खुद्द जंतूचा अंश शोधणारी चाचणी) सोबत जुळले तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स, सहसा चार आठवड्यांचा, अर्थपूर्ण ठरतो. पण फक्त पट्टीवर विसंबून औषध चालू केलं आणि बरं वाटलं, तर तिथेही फसगत होऊ शकते. डॉक्सिसायक्लिन स्वतः थोडी सूज उतरवतं आणि मेनिंजायटिस आपोआप चढतो-उतरतो. महिनाभराने दुखणं पुन्हा डोकं वर काढतं तेव्हा मधला वेळ गेलेला असतो.

एक्स-रेबद्दल आमचं मत मध्यम आहे, कारण तो नीट काढलेला क्वचित मिळतो. प्रत्येक जागेच्या काटकोनातल्या दोन फिल्म हव्यात आणि दुसऱ्या बाजूचा तोच सांधा तुलनेला हवा. पिल्लाच्या हाडातली वाढीची रेघ फ्रॅक्चर समजली जाते ती नेमकी ही तुलना नसल्यामुळे. खुब्यांच्या फिल्ममध्ये कंबर डावी-उजवीकडे सारखी, मांडीची हाडं एकमेकांना समांतर आणि गुडघ्याच्या वाट्या मध्यावर दिसायला हव्यात. जागं ठेवून, धरून काढलेल्या फिल्ममध्ये हे सहसा जमत नाही. गुंगी दिलेलीच आहे तर त्याच वेळी खुबा निसटून परत जागेवर बसतो का ते हाताने बघून घ्यायला सांगा. पेनहिप पद्धतीने खुब्याचा सैलपणा सोळा आठवड्यांपासून मोजता येतो. ‘मोठा झाल्यावर बघू’ हा सल्ला इथे नुकसानीचा, कारण प्यूबिक सिम्फिसिओडेसिस ही कमरेच्या हाडांचा खालचा जोड लवकर सांधवणारी छोटी शस्त्रक्रिया साधारण वीस आठवड्यांच्या आतच उपयोगी पडते आणि कमरेचं हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया सांधा झिजायच्या आत करावी लागते.

काय दिसणार नाही तेही माहीत असू द्या. कोपरातला सुटलेला हाडाचा तुकडा साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा लपतो. तिथे सीटी स्कॅन सरस. पॅनोस्टायटिसचे बदल दुखणं सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी उमटतात. चकतीच्या संसर्गात तर एक्स-रे दोन ते चार आठवडे निर्मळ दिसू शकतो. म्हणून मणका दाबल्यावर ठरावीक जागी दुखतंय, ताप आहे आणि फिल्ममध्ये काही दिसत नाही, तर पुन्हा फिल्म काढायची तारीख आधीच ठरवून घ्या. रक्त आणि लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, द्या आणि ब्रुसेला कॅनिस या जंतूची तपासणी मागा. ब्रुसेला माणसालाही होतो, त्यामुळे अहवाल येईपर्यंत लघवी साफ करताना हातमोजे घाला.

सांध्यातलं पाणी काढणं ही आमच्या दृष्टीने सगळ्यांत कमी वापरली जाणारी आणि वापरली तर सगळ्यांत जास्त फेड करणारी तपासणी. नुसतं नाव ऐकून लोक घाबरतात. प्रत्यक्षात गुंगी देऊन, केस कापून, जागा शस्त्रक्रियेसारखी स्वच्छ करून बारीक सुईने एकेका सांध्यातून थेंब-दोन थेंब घेतात. तेवढं काचपट्टीला पुरतं. निरोगी पाणी स्वच्छ, फिकट आणि चिकट असतं. सुईच्या टोकावरून थेंब काचेवर टेकवून सुई वर उचलली की दोन-अडीच सेंटिमीटर लांब तार सुटते. सुजलेल्या सांध्यातला थेंब पाण्यासारखा पातळ होतो आणि तार तुटते. निरोगी पाण्यात पेशी कमी आणि बहुतेक एककेंद्रकी. न्यूट्रोफिल, म्हणजे सुजेत धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरलेले दिसले आणि तेही एकाहून जास्त सांध्यांत, तर प्रतिकारशक्तीच्या सुजेकडे बोट जातं.

इथे दोन ठिकाणी गडबड होते. एक म्हणजे फक्त सुजलेल्या दिसणाऱ्या सांध्यातून पाणी घेणं. या आजारात बाहेरून ठीक दिसणाऱ्या मनगटात आणि घोट्यातही पेशी सापडतात, म्हणून किमान तीन-चार सांधे हवेत, त्यात मनगटं आणि घोटे असावेतच. दुसरी म्हणजे थेंब नळीत घालून ठेवून देणं. काचपट्टी तिथल्या तिथे ओढली पाहिजे. एकच सांधा गरम आणि प्रचंड दुखरा असेल तर कल्चरही लावायला सांगा, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो. आधी सल्फाची (एक प्रकारची जंतुनाशक) औषधं दिली असतील तर ते आवर्जून सांगा. विशेषतः डॉबरमनमध्ये त्यांनी सांधे सुजतात, आणि औषध बंद केल्यावर सूज उतरते.

मान खाली, पाठ वर, डोकं न वळवता नुसते डोळे फिरवून बघणारा सहा ते अठरा महिन्यांचा कुत्रा आणि सोबत ताप, हे मेनिंजायटिसचं ओळखीचं चित्र. बीगल, बॉक्सर, बर्नीज माउंटन डॉगमध्ये जास्त, पण कुठल्याही जातीत होतो. इथे पाठीच्या कण्यातलं पाणी काढावं लागतं आणि त्यासाठी पूर्ण भूल लागते. शक्य तिथे आधी एमआरआय, म्हणजे मेंदूवर दाब किंवा मणक्याची ठेवण बिघडलेली असेल तर सुई घालण्याआधीच कळतं. या पाण्यातल्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे अर्ध्या ते एका तासात मोजणी होईल अशीच जागा निवडा. दूरच्या प्रयोगशाळेला नुसतं पाठवून दिलेलं पाणी बऱ्याचदा खोटा दिलासा देतं. काही कुत्र्यांना हा आजार आणि सांध्यांची सूज दोन्ही एकदम असतात, म्हणून त्याच भुलेत सांध्यांचं पाणीही घ्यायला सांगा. नुसता एमआरआय काढून घरी पाठवणं आम्हाला पटत नाही. महागडं चित्र हातात येतं आणि निदान पाण्यातच राहून जातं.

काही वेळा रांगेत थांबायचंच नसतं. मागच्या पायांवर उभं राहता येत नाही, पंजे उलटे पडून घासतात, लघवी तुंबली आहे, पोट टणक फुगलंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर त्याच तासाला निघा. कान डोक्यावर एकमेकांकडे ओढलेले, कपाळाला आठ्या, पाय लाकडासारखे ताठ आणि आवाजाने अंग आणखी ताठरतं, हा धनुर्वात असू शकतो. बारीक जखम किंवा पडलेला दुधाचा दातही त्याला पुरतो. नेताना गळ्याचा पट्टा काढा, छाती आणि मागचा भाग दोन्हीकडून आधार द्या, अंधार आणि शांतता ठेवा.

व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्या सेवा कितपत कामाच्या? आधीचे अहवाल वाचून घेण्यासाठी, औषधाच्या शंकांसाठी आणि ‘आज जायलाच हवं का’ एवढं ठरवण्यासाठी चांगल्या. हाड दाबता येत नाही तिथे निदान होत नाही. तिथून थेट औषधाची चिठ्ठी मिळाली तर ती घेऊन दुकानात जाऊ नका.

फिजिओथेरपी आणि पाण्यातला व्यायाम निदानानंतर उत्तम, विशेषतः खुब्याच्या दुखण्यात आणि शस्त्रक्रियेनंतर. निदानाआधी नको. ताप असताना पाण्यात उतरवू नये आणि वाढीच्या रेघा उघड्या असलेल्या हाडावर अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नये. तोवर घरी करायचं ते साधं आहे: फरशीवर न घसरणारी चटई, गळ्याऐवजी हार्नेस, उड्या आणि चेंडू बंद, शी-शूपुरतं बाहेर.

पूरक गोळ्यांवर सगळ्यांत जास्त जाहिरात आणि सगळ्यांत कमी आधार. ग्लुकोसामाइनचा पुरावा तोकडा आहे. ओमेगा-३ झिजेच्या संधिवातात खरोखर मदत करतं, पण अज्ञात दुखण्याचं ते उत्तर नाही. संधिवाताचं बेडिनवेटमॅब हे इंजेक्शन बारा महिन्यांखालच्या कुत्र्यांसाठी नाही. आणि कॅल्शियम? मोठ्या जातीच्या, तयार पपी फूड खाणाऱ्या पिल्लाला वरून कॅल्शियम देणं थेट हानिकारक आहे. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. उलट फक्त मांस किंवा फक्त भात खाणाऱ्या पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात, मोडतात. तिथेही उपाय संतुलित आहार, मुठीने दिलेली पावडर नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर एक्स-रेचा फोनवर काढलेला फोटो चालत नाही, यंत्रातली मूळ, पूर्ण तपशिलाची डायकॉम फाइल मागून घ्या. ती तुमच्या कुत्र्याची आहे आणि ती देण्यात कुणाला अडचण असू नये. निदान मेनिंजायटिस किंवा प्रतिकारशक्तीचा संधिवात निघाला तर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच पण आता निदानानंतर, महिनोन्‌महिने चालतं आणि टप्प्याटप्प्याने उतरवतात. तहान, भूक आणि लघवी वाढणारच, ते धरून चाला. मात्रा कमी करण्याआधी प्रत्येक वेळी तपासणी आणि सीआरपी व्हायला हवा, निव्वळ ‘आता छान पळतोय’ यावर मात्रा उतरवली की दुखणं उलटतं. गोळी एकदम बंद करू नका, आणि प्रवासाला निघताना पुरेल त्याहून आठवडाभराच्या जास्त गोळ्या सोबत ठेवा.